पाळीत काय बदलेल, हे आधी सांगा



तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, दंडातली कांडी, संप्रेरक सोडणारं गर्भाशयातलं साधन यांनी पाळणा लांबतो, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. मला बोलायचंय ते ही साधनं गर्भाशयात काय करतात आणि ते आपण बाईला सांगतो का, याबद्दल.

"काही त्रास होत नाही," असं म्हणून आपण सुई टोचतो. हे खरं नाही. 2017पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणारं 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे 150 मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. त्याने बीज सुटणं थांबतं, गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि अस्तर पातळ पडतं. सुरुवातीच्या महिन्यांत या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद आणि नाजूक होतात. त्या कधीही फुटतात, म्हणून डाग पडत राहतात. पुढे अस्तर वाढेनासंच होतं आणि वर्षभर सुई घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबते.

आपल्या पुस्तकांत हे किरकोळ दुष्परिणामांत मोडतं. पण ज्या घरात पाळीच्या बाईला चुलीला आणि देवाला शिवू देत नाहीत, तिथे वीस दिवस डाग म्हणजे वीस दिवस बाजूला बसणं. पाळी थांबली तर सासूला वाटतं, दिवस गेले असतील, नाहीतर वाईट रक्त आत साठत असेल. अस्तर तयारच झालं नाही तर गळणार काय, हे त्या घरात कुणी सांगितलेलं नसतं. बाई पुढच्या सुईला येत नाही आणि आपण रजिस्टरात तिच्या नावापुढे 'ड्रॉपआउट' लिहून मोकळे होतो. तिला दोष देणं मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते. शेवटच्या सुईनंतर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात दुसरं मूल हवं असणाऱ्या बाईला हे आधी कळलं, तर ती कदाचित दुसरं साधन निवडेल. तो तिचा हक्क आहे.

तांबीचं निराळं. तिच्यात संप्रेरक नाही, बीज दर महिन्याला सुटतंच. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात आणि अस्तरात जंतूंवाचून सौम्य दाह होतो. पाळीचं रक्त आणि कळा वाढतात त्या त्यामुळेच. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा तांबी बसवण्याआधी हिमोग्लोबिन पाहणं आणि लोहाच्या गोळ्या सुरू करणं, एवढं तरी झालंच पाहिजे. जंतुसंसर्गाची भीती मात्र अवाजवी आहे. तो धोका मुख्यतः पहिल्या तीन आठवड्यांतला. म्हणजे कारण बसवण्याच्या वेळच्या स्वच्छतेत किंवा आधीपासूनच असलेल्या संसर्गात शोधायला हवं.

अस्तर पातळ करणारं संप्रेरक उपचार म्हणूनही उपयोगी पडतं, हे मला आवर्जून सांगायचंय. लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारं साधन गर्भाशयातच थोडं थोडं औषध देतं आणि अतिरक्तस्राव बराच कमी करतं. 2019मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं कशी काढली जात होती ते उजेडात आलं आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून जातंय, एवढ्यावर तिशीतल्या बाईची पिशवी काढली जाते. ज्यांना अतिरक्तस्राव होता, त्यांतल्या कितीजणींना आधी हे साधन सुचवलं गेलं असेल? ते महाग आहे, हे मला ठाऊक आहे. शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल त्याहून महाग पडते. हे साधन सरकारी दवाखान्यांत मोफत मिळावं, ही मागणी आपण करायलाच हवी.

बाईला आधी सांगण्याचा मुद्दा जुनाच आहे. 1986मध्ये स्त्रीसंघटना नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मी स्वतः इंजेक्शनच्या बाजूची आहे, तरी त्यांचा मूळ प्रश्न मला रास्त वाटतो: ज्यांना सुई टोचली त्यांना काय सांगितलं होतं?

म्हणून उद्याच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. पहिल्या सुईआधी, तांबीआधी पाळीत काय बदलेल ते बाईला सांगावं आणि तिची इच्छा असेल तर नवऱ्याला व सासूलाही. सांगितल्याची नोंद तिच्या कार्डावर व्हावी. आणि तांबी किंवा कांडी काढून द्या म्हणत आलेल्या बाईला 'अजून थोडे दिवस बघू' असं म्हणून परत पाठवू नये. ठरावावरच्या चर्चेत पहिल्यांदा, ज्यांच्यावाचून कुटुंबनियोजनाचं काम गावात उभंच राहत नाही, त्या आशाताईंनी बोलावं, अशी माझी विनंती आहे.