भूकंप आणि फिलिपाइन्समधील जुनीं चर्चें

ज्या भूमीवर इमारत उभारावयाची ती भूमीच विश्वासघातकी निघाली, तर गवंड्यानें काय करावें? फिलिपाइन्स बेटांत स्पॅनिश अंमल सुरू झाल्यावर तेथील कॅथलिक पाद्र्यांपुढें हाच प्रश्न उभा राहिला. युरोपांतील उंच दगडी चर्चांचा नमुना या बेटांतील धक्क्यांपुढें टिकेना.

त्याचें कारण साधें आहे. दगडी भिंत वरून येणारा भार सहज पेलते. परंतु तिला बाजूनें हिसका बसला, कीं चुन्याचे सांधे सुटूं लागतात. उंच मनोरा एका लयीनें डोलतो, बुटकी भिंत दुसऱ्या; दोन्हीं एकमेकांस लागून असलीं, तर एकमेकांवर आदळतात.

१६४५ च्या भूकंपानें मनिला शहराची दुर्दशा केली. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, या न्यायानें बांधणी बदलत गेली. उत्तरेकडील पावाय गांवचें चर्च १७१० सालीं पुरें झालें. त्याच्या भोंवतीं चोवीस जाडजूड दगडी धिरे आहेत आणि घंटेचा मनोरा, देवळापुढें दीपमाळ असावी तसा, कांहीं अंतरावर वेगळा उभा आहे. तो कोसळला तरी चर्चवर पडूं नये, हा त्यांतील हेतु.

ही दक्षता किती आवश्यक होती, हें ३ जून १८६३ रोजीं दिसून आलें. मनिलाचें मुख्य चर्च कोसळलें व आंत असलेले विद्वान धर्मगुरु पेद्रो पेलाएझ मृत्यु पावले. जवळच असलेलें, १६०७ सालीं पुरें झालेलें सान आगुस्तीन मात्र तगलें. १८८० च्या धक्क्यांनीं त्याचा एक मनोरा तडकला व तो उतरवावा लागला. म्हणून आजहि तेथें एकच मनोरा दिसतो.

१५ ऑक्टोबर २०१३ रोजीं सकाळीं बोहोल बेटास ७.२ तीव्रतेचा धक्का बसला. लोओन व मारिबोहोक येथील जुनीं चर्चें दगडांचे ढीग होऊन पडलीं. बारसें, लग्न, अंत्यविधि, सारें जेथें होत आलें, तें ठिकाणच गांवानें क्षणांत गमावलें. लोओनचें चर्च २०२१ सालीं पुन्हा उघडलें.

अशा जीर्णोद्धारांत मोठा पेंच असतो. जुन्या चुन्याच्या भिंतींस कठीण सिमेंट मानवत नाहीं. उलट कांहींच आधार न द्यावा, तर आंत बसणाऱ्यांचे प्राण धोक्यांत. पूर्वजांची वास्तु जशीच्या तशी राखणें हें कर्तव्य खरें. परंतु तिच्या छताखालीं गुडघे टेंकणारा मनुष्य सुखरूप घरीं परतावा, हें त्याहून मोठें कर्तव्य होय.