बिनभिंतीचा तुरुंग
(भाषणाचा मजकूर)



माणूस गुन्हा का करतो, हे सगळेच विचारतात. बहुतेक माणसे गुन्हा का करीत नाहीत, हे मात्र क्वचित कोणी विचारतो. ट्रॅव्हिस हिर्शी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात तेच विचारले. आईबाप, शाळा, कामधंदा यांच्याशी माणूस घट्ट बांधलेला असला की त्याचे पाऊल सहसा वाकडे पडत नाही, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे यालाच चार लोकांची लाज म्हणतात.

पण त्यासाठी अमेरिकेला जायला नको. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. हा मुलूख पूर्वी औंध संस्थानाचा. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या इंजिनियरच्या पुढाकाराने, तेथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. कैद्यांनी शेती करावयाची आणि बायकामुलांसह राहावयाचे. माणदेशची ती कोरडी जमीन, पाऊस बेताचा. उंच भिंत नाही, तेव्हा पळायला वाट मोकळीच. पण पळणाऱ्याच्या मागे काय राहणार? पेरलेले रान आणि चुलीपाशी बसलेली पोरे! बेडी तुटते, हे तोडणे जड जाते.

व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून निघाला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यांचे माडगुळे त्याच तालुक्यातले. चित्रपटात जेलरची नजर दिसते. प्रत्यक्षात निम्मे काम घरच्यांच्या नजरेने केले असावे.

एक मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. भावकीने बांध कोरणाऱ्याला पाठीशी घातले, सुनेचा छळ ‘घरातली गोष्ट’ म्हणून झाकला, तर तीच नाती गुन्ह्याला आडोसा होतात. अशा वेळी पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्याला गावाने फितूर म्हणू नये.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी वसाहत पुढे चालू राहिली. आपल्याकडे उलट चालते. शिक्षा भोगून आलेल्याला कोणी कामावर घेत नाही, त्याच्या पोरीला स्थळ येत नाही. गमावण्यासारखे काही उरलेच नाही, तर त्याने कोणाची लाज धरावी?

यंदाच्या भंडाऱ्यासाठी वाढप्यांची यादी व्हायची आहे. असे एखादे नाव राहून गेले असेल, तर समितीने ते घालून घ्यावे.