पदराची मागची बाजू
(मयूर विहार, दिल्ली येथे मराठी श्रोत्यांपुढे केलेले भाषण)



मयूर विहारमधील घरी बसून येवल्याची पैठणी मागविणे आता सहज शक्य झाले आहे. मात्र दुकानात जाणकार ग्राहक प्रथम पदर उलटून पाहतो. हातमागावरील पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागावरील अनेक नकलांत मागे सुटे धागे दिसतात. मोबाईलच्या पडद्यावर पदर उलटता येत नाही. त्यामुळे स्वस्त नकलेपुढे विणकराचे श्रम महाग ठरतात.

2006 मध्ये ‘हॅण्डलूम मार्क’ आला. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. ही ओळख संकेतस्थळाच्या तळाशी दडून राहू नये. किमतीशेजारीच मागच्या बाजूचे छायाचित्र, विणण्यास लागलेले दिवस आणि अधूनमधून घडी बदलण्याची सूचना असावी. विणकरालाही ही माहिती मराठीत, केवळ बोलून नोंदविता यावी. 2019-20 च्या गणनेनुसार देशात 35 लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

आईची पैठणी लेक नेसते, तेव्हा एका नव्या वस्त्राची गरज टळते. शाश्वत वस्त्रव्यवहाराचे मर्म हेच होय. म्हणून पडद्याची रचना ग्राहकाला घाई करणारी नव्हे, पारखण्यास अवसर देणारी असावी.