वृद्धांच्या ताटातील मीठ

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील वृद्धाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली की घरात त्याचे ताट वेगळे होते. सर्वांची आमटी नेहमीची, त्याची मात्र अळणी. दोन-चार दिवस तो निमूटपणे जेवतो. मग लोणच्याची बरणी जवळ ओढतो. घरची मंडळी त्याला हट्टी ठरवितात. वस्तुतः उतारवयात जिभेची संवेदना मंदावते, दात गेल्यामुळे भाकरी आमटीत कुस्करूनच खावी लागते आणि अशा जेवणात चवीला मुख्य आधार मिठाचाच उरतो. शिवाय भरल्या घरात एकट्याचे पान वेगळे वाढले जाणे कोणाच्याही मनाला लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी, मीठ सुचविले आहे. भारतात 2017-18 मधील राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण सरासरी सुमारे 8 ग्रॅम आढळले. पाश्चात्त्य देशांत बरेचसे मीठ कारखान्यात तयार झालेल्या अन्नातून पोटात जाते. महाराष्ट्रातील खेड्यात ते मुख्यतः चुलीपाशी, घरच्याच हाताने पडते. त्यामुळे त्याचा हिशेबही घरीच करता येतो. पाच माणसांच्या घरात किलोभर मीठ किमान 40 दिवस पुरावयास हवे. 25 दिवसांत संपल्यास ते माणशी 8 ग्रॅम झाले. गुरांना घातलेले मीठ यातून वजा करावे. लोणचे-पापडात गेलेले मात्र करू नये, कारण तेही अखेर माणसांच्याच पोटात जाते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात दिल्यास मुले पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवतील.

या हिशेबाबाहेरही काही मीठ राहते. खारवलेले बोंबील, विकतचे फरसाण, चहात बुडवून खाल्लेली खारी यांची आठवण सहसा कोणास होत नाही. उपवासाचे सैंधव निर्धोक असल्याचा समजही निराधार आहे; तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच होय.

उत्तर चीनमधील 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांचा जवळपास पाच वर्षे अभ्यास झाला. पूर्वी पक्षाघात झालेले, अथवा साठीपुढील व वाढलेल्या रक्तदाबाचे असे हे लोक होते. निम्म्या खेड्यांत त्यांना तीन भाग सोडियम क्लोराइड व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी, तर मृत्यूचे 12 टक्क्यांनी कमी राहिले. ज्या घरात कर्त्या सुनेची मजुरी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याच्या शुश्रूषेपायी बुडते, त्या घराला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तथापि, असे मीठ सरसकट वापरणे योग्य नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना त्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबरही ते वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची 2025 ची शिफारस गरोदर स्त्रिया व मुले यांच्यासाठी नाही. एकत्र कुटुंबात हे सारेच एका भांड्यातून जेवतात. म्हणून तेथे नेहमीचे आयोडीनयुक्त मीठच सर्वांच्या भाजी-आमटीत थोडेथोडे कमी करीत जाणे अधिक सुरक्षित होय. काही आठवड्यांत जीभ सरावते. लिंबू, कोकम, लसूण, भाजलेले जिरे यांनी उणीव बरीच भरून निघते. जुलाब झाल्यास जलसंजीवनी मात्र मिठाच्या भीतीने टाळू नये.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. तो मोजल्यावरच कळतो. आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढील व्यक्तींची ही तपासणी विनामूल्य होते. 140/90 वा त्याहून अधिक आकडा आल्यास पुन्हा मोजून घ्यावा व वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे. वृद्धासोबत घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही बोलवावे, कारण मिठाचा डबा तिच्या हाती असतो. आणि पंचायतीने तपासणीचा दिवस आठवडी बाजाराच्या दिवशी येणार नाही, एवढे आधीच पाहावे.