आभाळातून आलेली रसद



पानिपतची हकीकत आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १७६० च्या हिवाळ्यात अब्दालीने भाऊसाहेबांच्या फौजेच्या वाटा तोडल्या. बाहेरून रसद मिळवण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत माणसांना दाणा मिळेना आणि जनावरांना वैरण मिळेना. शेवटी, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली. पुढचे सांगायला नको.

आज हे आठवण्याचे कारण असे की, त्यानंतर एकशे त्र्याऐंशी वर्षांनी, १९४४ साली, आपल्या पूर्व सीमेच्या आसपास एक मोठी फौज अशीच घेरली गेली होती. तिच्याही वाटा तुटल्या होत्या. पण ती उपाशी मेली नाही, कारण तिचे धान्य आभाळातून येत होते. ते आणून टाकणाऱ्या विमानपथकांपैकी सर्वांत जुने पथक म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचे ३१ नंबरचे स्क्वाड्रन. त्याची कथा मी आज सांगणार आहे. स्क्वाड्रन म्हणजे हवाई दलाची एक तुकडी. तिची स्वतःची विमाने, स्वतःचे वैमानिक, मेकॅनिक, आणि स्वतःचा इतिहाससुद्धा.

या पथकाचे ब्रीदवाक्य लॅटिन भाषेत आहे. त्याचा अर्थ, ‘हिंदुस्थानच्या आकाशात पहिले’. आणि ते खरेच आहे. ऑक्टोबर १९१५ मध्ये इंग्लंडात फार्नबरो येथे हे पथक उभे राहिले आणि त्याची पहिली तुकडी त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मुंबई बंदरात उतरली. म्हणजे लष्करी विमानांचे हे पथक या देशात आले ते बोटीने, आणि आपल्या मुंबईमार्गे! तेथून ते वायव्य सरहद्दीवर गेले.

तेथे त्याने काय केले हेही सांगितले पाहिजे. नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. १९१९ च्या अफगाण युद्धात या पथकाने जलालाबादवर बाँब टाकले. पुढे वीस वर्षे वझिरीस्तानच्या डोंगरात टोळ्यांवर वचक ठेवण्याच्या कामी ते राबत होते. एखादी टोळी ऐकत नसली की तिच्या गावांवर आधी चिठ्ठ्या टाकायच्या आणि मग बाँब टाकायचे, अशी ती सरहद्दीवरची पद्धत होती. १४ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच दिवशी, पंजाबात गुजरानवाला येथेही ब्रिटिश विमानांतून बाँब पडले होते. तेव्हा विमानाचा आवाज आला की खालच्या माणसाला काय वाटत असेल, ते आपण समजू शकता. १९३५ साली क्वेट्ट्याचा भयंकर भूकंप झाला तेव्हा हे पथक तेथेच होते आणि त्याच्याही बराकी कोसळल्या.

१९३९ मध्ये या पथकाची कामगिरी बदलली. त्याला व्हॅलेन्शिया नावाची अवजड, दुपंखी विमाने मिळाली. आत माल आणि शिपाई बसत. वैमानिक मात्र पुढे उघड्यावर, ऊन-वारा खात बसे. १९४१ मध्ये इराकात गडबड झाली तेव्हा याच विमानांनी आणि अमेरिकन बनावटीच्या काही नव्या विमानांनी कराचीहून बसऱ्याजवळ शैबा येथे पलटण नेऊन पोहोचवली. लढाऊ पथक हळूहळू हमालीच्या कामाला लागले, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

शिक्षक मंडळींनी आता वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. आसाम, मणिपूर, त्रिपुरा, आणि पलीकडे ब्रह्मदेश. १९४२ च्या पहिल्या महिन्यांत जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. रंगून पडले. तेथे पोटासाठी गेलेले लाखो हिंदी लोक पायी निघाले, जंगलातून, डोंगरातून, पुढे पावसातून. ३१ नंबरची विमाने जाताना माल नेत आणि येताना जखमी, बायका, मुले भरून आणत. हे पथक आणि एक अमेरिकन पथक अशा दोघांनी मिळून साडेआठ हजारांहून अधिक माणसे बाहेर काढली. त्यांत सुमारे सव्वीसशे जखमी होते. ६ मे १९४२ रोजी मिटकिना येथे माणसे चढत असतानाच जपानी विमाने आली आणि पथकाची दोन विमाने जमिनीवरच निकामी झाली. त्यानंतर तो तळही गेला. मग जे लोक हुकाँगच्या खोऱ्यातून चिखल तुडवत येत होते त्यांच्यासाठी वरून अन्न टाकणे एवढेच हाती राहिले. टाकण्याची ही विद्या खरी शिकली गेली ती तेथे, त्या पावसाळ्यात.

ती विद्या कशी होती हे आता जरा सावकाश सांगतो, कारण तुम्हां शेतकरी मंडळींना त्यातली खुबी लगेच कळेल. डकोटा नावाच्या विमानात अडीच-तीन टन माल मावे. म्हणजे आपल्या तीन-चार भरल्या बैलगाड्यांचा. त्याचे बाजूचे दार काढूनच ठेवलेले असे. तांदूळ, मीठ, जनावरांचा दाणा असला माल छत्रीशिवाय, तसाच खाली लोटत. पण पोते वरून आपटले तर फुटणार, नाही का? म्हणून पोते गच्च भरायचे नाही, थोडे सैल ठेवायचे, आणि ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालून शिवायचे. आपटल्यावर आतले पोते फाटे, बाहेरचे टिके, आणि दाणे त्यात राहत. दारूगोळा, औषधे, डबे यांना मात्र छत्री लागे. रेशमी छत्र्या पुरेनात. तेव्हा चौदाव्या आर्मीचे सेनापती स्लिम यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करून घेतल्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांवर खर्च येई. तागाची सुमारे एका पौंडात होई. माणसाने तिच्या भरवशावर उडी मारू नये हे खरे, पण डाळ-तांदळाला ती चांगली होती.

आता टाकण्याची रीत. विमान खाली, काही शे फुटांवर आणायचे, वेग कमी करायचा, आणि खुणेच्या जागेवरून घिरट्या घालायच्या. एका फेरीत सगळा माल टाकता येत नसे. आठ-आठ, दहा-दहा फेऱ्या होत. दर फेरीला वैमानिक इशारा देई आणि मागचे लोक दारातली पोती लोटत. हातांनी, आणि रास जड असली तर पाठीवर पडून पायांनी. दाराला दार नाही, खाली जंगल, आणि विमान कलंडलेले. त्यात पावसाळी ढग असे, की त्यांत शिरलेले विमान पुन्हा बाहेर येईल याची खात्री नसे. या लोटणाऱ्यांत, आणि तळावर रात्रंदिवस पोती शिवून विमाने भरणाऱ्यांत, हिंदी लष्कराच्या सर्व्हिस कोअरची आपली माणसे पुष्कळ होती. वैमानिकांना पदके मिळाली, आणि ती योग्यच होती. पण पोती शिवणाऱ्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात मला सहसा आढळलेली नाहीत.

फेब्रुवारी ते एप्रिल १९४३ मध्ये विंगेट नावाचे ब्रिगेडियर तीन हजार माणसे घेऊन जपान्यांच्या पिछाडीस शिरले. गाड्या नाहीत, रस्ता नाही. सगळी भिस्त आगरतळ्याहून उडणाऱ्या ३१ आणि १९४ या दोन स्क्वाड्रनांवर. १७८ खेपांत ३०३ टन माल टाकला गेला. परत येताना एका तुकडीजवळ सतरा आजारी आणि जखमी माणसे झाली. चालवत नव्हते आणि टाकवत नव्हते. जंगलात सुमारे आठशे यार्डांची मोकळी जागा होती. त्यांनी तेथे कापडाच्या पट्ट्यांची मोठी अक्षरे मांडली: विमानाने येथे उतरावे. २८ एप्रिलला ३१ नंबरचा वैमानिक मायकेल व्लास्टो याने आपला डकोटा त्या चिंचोळ्या जागेत उतरवला, सतरा जणांना घेतले आणि झाडांच्या शेंड्यांना चाटून पुन्हा उडवला. तुकडीचे प्रमुख मेजर स्कॉट आणि बाकीची माणसे पायीच निघाली. एकंदर तीन हजारांपैकी सुमारे आठशे माणसे परत आली नाहीत.

येथे मला थोडे थांबावे लागते. साल १९४३. आगरतळ्यापासून हाकेच्या अंतरावर बंगालचे जिल्हे. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत माणसे मेली असे वेगवेगळे अंदाज आहेत. विमानांच्या पोत्यांमुळे तो दुष्काळ पडला असे मी म्हणत नाही. तीनशे टन म्हणजे त्या भुकेपुढे काहीच नव्हे. पण सरकारने मनात आणले तर दाणा जंगलातल्या एका टेकडीवरही नेमका पोहोचतो, हे त्याच वर्षी सिद्ध झाले होते. वैमानिकांना दोष नाही. दोष कोठे द्यायचा हे आपण ठरवावे.

आता १९४४. जपान्यांची युक्ती ठरलेली असे: जंगलातून वळसा घालून पिछाडीस जायचे आणि वाट तोडायची. वाट तुटली की फौज मागे हटे. फेब्रुवारीत आराकानात सातव्या हिंदी डिव्हिजनला त्यांनी असेच घेरले. पण या वेळी हुकूम होता, की हटायचे नाही. जागच्या जागी उभे राहायचे. रसद आधीच बांधून तयार होती. ८ फेब्रुवारीला ३१ नंबरची विमाने निघाली आणि जपानी लढाऊ विमानांमुळे परत फिरली. तेव्हा वाहतूक विमानांचे अमेरिकन प्रमुख जनरल ओल्ड स्वतः पुढच्या विमानात बसले आणि पोहोचले. पुढच्या चार आठवड्यांत ७१४ खेपांत जवळजवळ २३०० टन माल पडला. फौज हटली नाही. भुकेले जपानीच मागे फिरले.

मार्चमध्ये मणिपूरवर स्वारी आली. उखरूलजवळ सांगशाक नावाची टेकडी आहे. २२ ते २६ मार्चपर्यंत पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडने ती लढवली, आणि तिच्याबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. टेकडीवर पाणी नव्हते, आणि माथा अर्धा मैलसुद्धा लांब नव्हता. रसद टाकायला विमाने आली, पण एवढ्याशा जागेवर वरून नेम धरणे कठीण. बहुतेक माल जपान्यांच्या हद्दीत पडला. एखादेच विमान अगदी खाली येऊन नेमके टाकून गेले. मराठा गडी तहानलेल्या तोंडाने आपल्या छत्र्या शत्रूकडे वाहून जाताना पाहत होते. म्हणजे ही विद्या चुकतही असे, आणि चुकली की त्याची किंमत कोणाला पडे, तेही पाहून ठेवा. शेवटी ब्रिगेडला टेकडी सोडावी लागली. पण ते चार-पाच दिवस कोहिमाच्या बचावाला मिळाले.

कोहिमा झाले, इंफाळ झाले. इंफाळची वाट २२ जूनला मोकळी झाली. तोपर्यंत त्या हवाई पुलावरून सुमारे बारा हजार शिपाई आत आले, तेरा हजार जखमी आणि आजारी बाहेर गेले आणि बिनलढाऊ असे ४३ हजार लोक बाहेर काढले गेले. ही अर्थात अनेक ब्रिटिश आणि अमेरिकन पथकांची एकत्र कामगिरी. ३१ नंबर त्यांतले एक.

आणि वेढा घालणारे? जपानी सेनापतींचा हिशेब असा, की तीन आठवड्यांची शिधोरी न्यावी आणि पुढे इंफाळची कोठारे हाती येतीलच. ती आली नाहीत. पावसाळा आला. त्यांच्याबरोबर आझाद हिंद सेनेचे जवानही होते. एप्रिलमध्ये मोइरांगला त्यांनी तिरंगा फडकवला होता. त्यांच्या वाट्यालाही तीच उपासमार आली. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. पानिपतचे दुःख या वेळी वेढा घालणाऱ्यांच्या नशिबी आले. एका बाजूला आभाळातून तांदूळ खाणारे हिंदी शिपाई, दुसऱ्या बाजूला उपाशी हिंदी शिपाई, आणि मध्ये एक डोंगर. दोन्हीकडच्या घरी आया वाट पाहतच होत्या.

युद्ध संपल्यावर हे स्क्वाड्रन जावा बेटात गेले, १९४६ मध्ये तेथे मोडले गेले, लगेच कराचीस पुन्हा उभे केले गेले आणि १९४७ च्या अखेरीस त्याचा या उपखंडातला मुक्काम संपला. पण डकोटा विमाने राहिली, आणि पोती टाकण्याची विद्याही राहिली. त्याच सुमारास काश्मीरात पूंछ शहराला वेढा पडला. आत आपली फौज आणि हजारो निर्वासित. गावच्या लोकांनी आणि शिपायांनी मिळून धावपट्टी तयार केली आणि भारतीय हवाई दलाचे डकोटा तोफांच्या माऱ्याखाली तेथे उतरू लागले. नोव्हेंबर १९४८ मध्ये वाट मोकळी होईपर्यंत, जवळजवळ वर्षभर, ते शहर विमानांनी आणलेल्या धान्यावर जगले. त्या विमानांचे वैमानिक, पोती भरणारे आणि ती उतरवून घेणारे सगळे आपलेच होते.