पोरीचे मार्क कोण विचारतं?

(चुडावा येथे मातापालकांपुढे केलेलं भाषण)

बायांनो,

निकाल लागला की घराघरांत काय होतं, जरा आठवा. पोरगा नापास झाला तर बाप ओरडतो, चुलता बोलतो, कुठं फटकेही बसतात. मग शिकवणी लावतात. आणि पोरगी नापास झाली तर? "जाऊ द्या, तिला कुठं कलेक्टर व्हायचंय!" वरवर ही माया वाटते. मला मात्र या मायेची भीती वाटते. तिच्याकडून कसली अपेक्षाच नाही, म्हणून तिच्यावर रागही नाही.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले. नुसता धाक दाखवणारे, नुसते लाड करणारे, आणि शिस्त लावताना लेकराचं ऐकून घेणारे. या तिसऱ्या घरातली लेकरं आपण होऊन अभ्यासाला बसतात, असं पुढच्या बऱ्याच पाहण्यांत दिसलं. मार खाणारं पोरगं अभ्यास शिकत नाही, प्रगतिपुस्तक लपवायला शिकतं. पण आपल्याकडे गंमत अशी की एकाच घरात दोन तऱ्हेचे आईबाप असतात. पोराला धाक अभ्यासाचा, पोरीला धाक उंबरठ्याचा!

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४८ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. जवळजवळ निम्म्या! आठवीतल्या पोरीला हे आकडे माहीत नसतात, पण थोरली बहीण दिसते, शेजारची दिसते. दहावीनंतर आपल्याला पूर्णा-नांदेडला शिकायला पाठवणार की पाहुणे बघायला येणार, हेच तिला ठाऊक नसतं. मग पुस्तकात मन लागेल कसं? आणि आपण म्हणतो, पोरीला डोकंच नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगते. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं. पुढे त्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, रमाबाईंना शिकवलं. दिवसा कामातून सवड नाही, म्हणून उजाडायच्या आत. तीच पहाट आपल्या घरात कशी असते? पोरगा पांघरुणात आणि पोरगी हंडा घेऊन नळावर.

तुम्ही म्हणाल, लक्ष्मीबाई शिकलेल्या होत्या, आम्ही अडाणी, आम्ही काय अभ्यास घेणार? घेऊ नका. भाकरी थापताना एवढंच म्हणा, "आज शाळेत काय शिकवलं ते मला सांग." आईला समजावून सांगताना पोरीचा धडा पक्का होतो. शिवाय आपलं शिकणं कुणीतरी विचारतंय, हे तिला कळतं. परीक्षेच्या महिन्यात हंडा पोराच्या हाती द्या. आणि बारावीपर्यंत शिकवणार, हे तिच्यादेखत तिच्या बापाकडून वदवून घ्या. अनुदानित शाळा-कॉलेजात मुलींना तोवर फी माफ आहे, तेव्हा पैशाची सबब निम्मी तरी गळून पडते. उरलेल्या निम्मीसाठी भांडावं लागेल. त्या भांडणाला एकटीनं बसू नका, शेजारणीला घेऊन बसा.