काळे डाग आणि काठीवरचा बॉल

कुणाची धुणीभांडी आटपली असतील, कुणी अजून चुलीपुढं असेल, कुणी शेताला निघताना कानाला फोन लावला असेल. आम्ही बार्शी तालुक्यातल्या एका गावातल्या बारा जणींचा बचत गट. आज आम्ही तिघी इथं बोलायला आलोय, पण बोलणं बाराजणींचं आहे, म्हणून ‘आम्ही’ असंच म्हणणार.

विषय अगदी जमिनीवरचा आहे. फरशीवरचे काळे डाग. चपलाबुटांच्या तळव्यांचे, खुर्च्यांच्या पायांचे. ऐकून काहीजणी हसतील, की यावर काय बोलायचं? आम्हीपण आधी हसलो असतो. पण या डागांपायी आमचे पैसे कापले गेले, एकीचा पाय भाजला आणि गटात भांडणं झाली. तेव्हा ऐका.

तीन वर्षांपूर्वी गावाजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या सफाईचं काम आम्ही घेतलं. एका लग्नामागं 1800 रुपये. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं की रात्री नाहीतर पहाटे आम्ही चौघी जायचो. खरकटं, पत्रावळ्या, अक्षता, फुलं, याचं काही वाटत नाही. झाडलं, धुतलं की गेलं. हळदीचा डाग मात्र खोड काढतो. साबण लागला की लाल होतो, बघणारीला वाटतं रक्तच सांडलं. पण तो लाल झालेला डागही पुन्हा पाण्यानं पुसत राहिलं की फिका पडत जातो.

राहतात ते काळे पट्टे. नाचणाऱ्या पोरांच्या बुटांचे, लोखंडी खुर्च्यांच्या पायांना घातलेल्या काळ्या रबरी टोप्यांचे, स्पीकरचे खोके ढकलत नेतात त्यांच्या चाकांचे. आम्ही एकदा मोजले. एका वरातीच्या रात्रीनंतर स्टेजपुढच्या भागात 170 डाग. पोछा मारला तरी जात नाहीत. उलट फरशी ओली झाली की जास्तच चमकतात. सकाळी मालक यायचे, उजेडात वाकून बघायचे आणि म्हणायचे, “हे काय राहिलंय? पुढच्या पार्टीला काय दाखवू मी?” आणि 200 रुपये कापायचे. एकदा नाही, लागोपाठ चार लग्नं.

मग आम्ही काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. आधी गुडघ्यावर बसून तारेच्या घासणीनं घासलं. डाग गेला, पण टाइलवर बारीक ओरखडे आले, आणि त्या ओरखड्यात पुढच्या लग्नाची धूळ जाऊन बसली. मग दाढीच्या ब्लेडनं खरवडलं. एकीचं बोट कापलं. मग रॉकेल. डाग पुसट झाला, पण वास दोन दिवस गेला नाही, आणि तिथंच बाजूला आचाऱ्याची भट्टी पेटायची. कुणाच्या डोक्यात तेव्हा आगीचा विचार आला नाही, हे आता आठवलं की पोटात गोळा येतो.

शेवटी कुणीतरी सांगितलं, संडास धुवायचं ॲसिड टाका, काहीपण निघतं.

कार्यालयाचा आतला हॉल टाइलचा, पण बाहेरचा व्हरांडा शहाबादी फरशीचा. सोलापूरवरून वाडीकडं जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर शहाबाद लागतं, तिथला हा दगड, आपल्या भागात घरोघरी. हा चुनखडीचा दगड आहे. कोटा फरशीसुद्धा चुनखडीचीच. आणि चुनखडीवर ॲसिड पडलं की ते दगडच खातं. आम्हाला हे कुठं माहीत? बाटली ओतली, फरशी फसफसली, धूर आला, सगळ्या खोकत बाहेर पळालो. पळताना आमच्यातल्या एका काकूंच्या पावलावर शिंतोडे उडाले. त्यांनी पदरानं पुसलं आणि कामाला लागल्या. खरं तर तिथल्या तिथं नळाखाली पाय धरून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडायला हवं होतं. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. जखम भरायला दीड महिना गेला. आणि व्हरांड्यात काळे डाग होते तिथं आता पांढरे चट्टे पडले, ते आजपण आहेत. त्याची भरपाई आम्ही गटाच्या पैशातून केली.

यात एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती जिवाची आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कधी एकत्र करायचं नाही. एकावर एकही ओतायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो, बंद न्हाणीघरात तर माणूस तिथंच पडतो. “दोन्ही टाकलं की डबल साफ होतं” असं सांगणारे भेटतात. ऐकू नका.

तर त्या भरपाईच्या बैठकीत काम सोडायचं असं जवळजवळ ठरलं होतं. निम्म्याजणी म्हणाल्या, नको ती कटकट. त्याच बैठकीत एका वैनींचा मुलगा ओसरीवर भिंतीला बॉल मारत बसला होता. टेनिसचा बॉल, पोरं क्रिकेटला वापरतात तो. ओसरीच्या कोबावर मोटरसायकल लावल्याचा टायरचा काळा पट्टा होता. पोरगं कंटाळून त्या पट्ट्यावर बॉल दाबून गोल गोल घासत होतं. वैनी ओरडल्या, बॉल काळा होईल म्हणून. आणि बॉल काळा झालाच. पण पट्टा गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॉल घेऊन कार्यालयात गेलो. टाइलवर तर चार-पाच वेळा फिरवला की डाग साफ. पाणी नाही, साबण नाही.

असं का होतं, ते आम्ही नंतर शाळेतल्या मॅडमना विचारलं. बुटाच्या काळ्या तळव्यात रबर असतं आणि त्यात काजळी मिसळलेली असते, टायरमध्ये असते तशी. पाय जोरात घसरला की घर्षणानं रबर जरा मऊ होतं आणि त्याचा पातळ थर फरशीला चिकटून राहतो. म्हणजे हा डाग फरशीत मुरलेला नसतो, वर बसलेला असतो. पाण्यात विरघळत नाही म्हणून पोछ्याला दाद देत नाही. पण कोरडं घासलं की त्याच्या वळ्या होतात आणि तो सुटतो, वहीवरचं पेन्सिलचं अक्षर खोडरबरानं निघतं तसा. बॉलवरची लव तेच काम करते, आणि ती मऊ असते म्हणून फरशीला ओरखडा येत नाही.

पण बॉल हातात धरून घासायचं म्हणजे पुन्हा गुडघे आलेच. आमच्यातल्या निम्म्याजणी चाळिशीच्या पुढच्या, दोघींचे गुडघे सुजलेले. तेव्हा बॉल काठीवर बसवला. मोठमोठ्या इमारती साफ करणाऱ्यांकडं असं तयार हत्यार असतं म्हणे, लांब दांडा आणि पुढं घासायचा गोळा. आमचं फुकटात झालं. कसं करायचं ते नीट ऐका.

बॉल जुना चालेल, पण त्याची लव शाबूत पाहिजे. टक्कल पडलेला बॉल नको, त्याचं रबरच फरशीला लागतं. रंग पिवळा-पोपटी असलेला बरा. आम्ही एकदा लाल घेतला, तर ओल्या फरशीवर त्याचाच रंग उतरला. आता बॉलच्या आत हवा दाबून भरलेली असते, म्हणून आधी दाभणानं भोक पाडून ती सोडायची. मग चिरायचा. हातात धरून चिरायचा नाही, सुरी सटकते. आम्ही तो खलबत्त्याच्या खलात बसवतो, घट्ट बसतो. वरून अधिकच्या खुणेसारख्या दोन चिरा द्यायच्या, एकेक चीर इंचभराची. मोठी चीर दिली की बॉल काठीवरून निघून येतो. सुरीची भीती वाटत असेल तर सायकल दुकानवाल्याकडून करून घ्या, पण पोरांच्या हातात देऊ नका.

काठी तुटक्या खराट्याची, बांबूची, कशाचीही. उभं राहिलं की छातीपर्यंत यावी. टोक कानशीनं गोल करायचं, नाहीतर आतून बॉल फाटतो. मग चिरेतून दाबून आत घालायची, पार तळाला टेकेपर्यंत. झालं हत्यार.

वापरताना आधी हॉल झाडून घ्यायचा. हे विसरलात तर बॉलखाली वाळूचा खडा सापडतो आणि त्याचाच ओरखडा उठतो. फरशी कोरडी पाहिजे. बॉल डागावर टेकवायचा, काठी दोन्ही हातांनी धरायची आणि ताक घुसळताना रवी फिरते तशी अर्धी इकडं, अर्धी तिकडं फिरवायची. कमरेतून वाकायचं नाही, अंगाचं वजन काठीवर टाकायचं. डाग सुटला की काळा भुसा पडतो, तो नंतरच्या झाडण्यात आणि पोछ्यात जातो. बॉल काळा झाला की गोणपाटावर घासायचा, महिन्यातून एकदा साबणानं धुऊन उन्हात वाळवायचा.

सगळीकडं चालतं का? नाही. टाइल, पॉलिश केलेली कोटा, जुन्या शाळांमधलं मोझॅक, यावर छान चालतं. खरखरीत शहाबादीवर मात्र रबर दगडाच्या खाचांत बसतं, तिथं बॉल निम्मंच काढतो. उरलेल्यावर आम्ही पांढरा खोडरबर घासतो, किंवा खायचा सोडा पाण्यात कालवून मऊ ब्रशनं चोळतो आणि पुसून घेतो. आणि नखानं चाचपून बघायचं. नख अडकलं तर तो डाग नव्हे, ओरखडा आहे. त्याला कुठलंच हत्यार काढणार नाही, उगाच दमू नका. बाजारात एक पांढरा जादूचा स्पंज म्हणून मिळतो, तो डाग काढतो खरा, पण तो बारीक पॉलिश पेपरसारखा असतो. चकाकत्या फरशीवर जास्त घासला तर तिथली चमक मरते. आधी कोपऱ्यात घासून बघा.

आता पुढची गोष्ट. पूर्वी चौघींना तीन तास लागायचे, आता दोघी तासाभरात डाग काढतात. मालकांनी हे बघितलं. आम्हाला वाटलं खूश होतील. तर म्हणाले, “आता काठीच फिरवायची आहे, मग 1800 कशाला? 1200 घ्या.”

आमच्यात यावर दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, वेळ वाचतोय ना, घेऊन टाकू. पण पाय भाजलेल्या काकू म्हणाल्या, “मालक, तुम्ही फरशी साफ झाल्याचे पैसे देता का आमच्या गुडघ्यांचे? फरशी तर आधीपेक्षा साफ आहे.” मालक काही बोलले नाहीत. आम्ही हिशेब मांडून दाखवला. चार लग्नांत कापलेले 800, ॲसिडची भरपाई, काकूंचं दवाखान्याचं बिल. आणि हेही सांगितलं की ज्या खुर्च्यांच्या काळ्या टोप्या फाटल्यात, त्यांच्या जागी पांढऱ्या आणा, डाग आपोआप कमी पडतील. टोप्या त्यांनी आणल्या. दराचं घोडं तिथंच अडलं. आमच्यातल्याच काहींना अजून वाटतं की आम्ही ताणून धरलं. वाटू दे. बैठकीत त्या तसं बोलतात, आम्ही ऐकतो.

मधल्या काळात शाळेनं बोलावलं, आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताईंनी बोलावलं. तिथं दर डागावर नाही, हॉलवर ठरवला, आणि काठ्या आमच्याच राहतील असं आधी बोलून घेतलं. कार्यालयाला तुळशीच्या लग्नानंतर पहिली तारीख आहे. मालकांचा निरोप आलाय, 1600 म्हणतात. आम्ही रविवारी बसणार आहोत.

कुणाला काठी करून बघायची असेल तर पुढच्या बुधवारी अकरा वाजता रेडिओ केंद्राच्या अंगणात या. सुरी आणि खलबत्ता आम्ही आणू. काठी आणि बॉल आपापला आणा, आणि बॉल घेताना पोराला विचारून घ्या. नमस्कार.